रेषेतलं बालपण

कूलरचा आवाज फार होतोय, थोडा वेळ बंद ठेवू. पुढच्या रांगेत घाम पुसणं सुरू झालं की लगेच लावू. (हशा)

‘पर्सेपोलिस’बद्दल बोलायचंय. इराणच्या शहाचं पलायन, खोमेनींचं आगमन, इराकशी युद्ध, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. त्यात शिरत नाही. मार्जान सात्रापीचा जन्म १९६९चा, म्हणजे क्रांतीच्या वेळी ती नऊ-दहा वर्षांची. तिनं आपलं बालपण आधी ‘पर्सेपोलिस’ या चित्रपुस्तकात मांडलं, मग २००७ साली व्हँसाँ पारोनोसोबत त्याचा ॲनिमेशनपट केला. कान महोत्सवात त्याला ज्युरी पुरस्कार मिळाला.

त्यातल्या अनुशकाकाबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही. शहाच्या काळात तुरुंगात राहिलेला हा माणूस. क्रांतीनं सुटतो, छोट्या मार्जानला गोष्टी सांगतो. मग ज्या क्रांतीची वाट पाहिली तीच त्याला पुन्हा पकडते. एकाच व्यक्तीला भेटता येईल म्हटल्यावर तो या लहानगीला बोलावतो. तुरुंगात पावापासून घडवलेला हंस तिच्या हातात देतो. पुढं त्याला मारून टाकतात. पडद्यावर या आठवणी जवळजवळ सगळ्या काळ्या-पांढऱ्यात. कॅमेऱ्यानं त्या काकाला एका नटाचा चेहरा दिला असता. रेषेमुळे तो कुणाचाही काका होतो.

काय म्हणालात? कार्टून पोरांसाठी असतं? नाही, साहेब. फाशी, युद्ध, परदेशातलं एकटेपण हे पोरांचं नाही. आपल्याकडे हा समज अजून टिकून आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं. (शांतता)

आता ज्यासाठी आलो ते. आपल्या नागपूरचं ‘पर्सेपोलिस’ लिहून तयार आहे. वसंत मून यांचं आत्मकथन ‘वस्ती’, १९९५. बाबासाहेब आंबेडकरांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचे खंड ज्यांनी संपादित केले, तेच मून. जन्म १९३२चा. जुलै १९४२मध्ये याच शहरात शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन उभं राहिलं, तेव्हा तेही मार्जानएवढेच, दहा वर्षांचे! पुस्तकात उपासमार आहे, पैलवान आहेत, समता सैनिक दल आहे. १४ ऑक्टोबर १९५६ला याच शहरात बाबासाहेबांची बौद्ध धम्मदीक्षा झाली तेव्हा मून चोवीस वर्षांचे. गेल ऑमव्हेट यांनी हे पुस्तक इंग्रजीत नेलं. पडद्यावर आणायचं तर आज कॅमेरा लावून ती वस्ती सापडणार नाही. पेन्सिलीला मात्र ती सापडेल, कारण तिला जुनी घरं उभी असायला लागत नाहीत.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. दोन मिनिटं द्या. मार्जानच्या व्हिएन्नातल्या दिवसांचा भाग राहिलाच, तो सोडतो. मागे चित्रकलेचे विद्यार्थी उभे आहेत, त्यांना सांगतो: दीक्षेचा भव्य प्रसंग आधी काढू नका, सगळे तोच काढतात. आखाड्यापासून सुरू करा. दोन पैलवान, लाल माती, भोवती उपाशी पोरं. पहिली काही चित्रं झाली की मला बोलवा, मी पाहायला येईन. (टाळ्या)