शिबिरातील मुले आणि औषधपेटी

(शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या मेळाव्यात एका निवृत्त परिचारिकेने केलेले भाषण)



प्राथमिक आरोग्य केंद्रातील नोकरीतून निवृत्त झाल्यावर गेली अनेक वर्षे मी हिवाळ्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी भरणाऱ्या शालेय निसर्गशिबिरांत परिचारिका म्हणून जाते. शहरातील व गावातील मुले चार-सहा दिवस तंबूत राहतात, डोंगर चढतात, पक्षी पाहतात, ओढ्याकाठी स्वयंपाक करतात. चार भिंतींत वर्षभर न मिळणारे शिक्षण त्यांना तेथे मिळते, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. परंतु आईबापांनी ज्यांच्या भरवशावर मूल पाठवले, त्यांनी हा भरवसा कसा सांभाळावा, याबद्दल आज दोन शब्द बोलण्याचे मी योजिले आहे.

शिबिरातील परिचारिका म्हणजे औषधपेटी घेऊन बसणारी बाई, असा सर्वसाधारण समज आहे. तो अगदीच खोटा नाही. दिवसभरात येणारी दुखणी बहुतेक साधीच असतात. नव्या बुटांनी टाचेला आलेले फोड, पायात मोडलेला काटा, चुलीजवळ भाजलेले बोट, बदललेल्या पाण्याने लागलेले जुलाब. जुलाबावर जलसंजीवनीची पुडी हे साधे पण मोलाचे औषध आहे. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली असता डॉ. दिलीप महालनाबिस यांनी मीठसाखरेच्या पाण्यानेच असंख्य प्राण वाचवले. पुडीवर लिहिलेल्या मापाने पाणी घ्यावे, अंदाजाने घेऊ नये, एवढेच पथ्य.

पण सर्वांत अधिक येणारी तक्रार म्हणजे पोटदुखी. ती बहुधा दिवेलागणीला सुरू होते. मूल पोट धरून येते, गोळी मागते. मी त्याला जवळ बसवते, गरम पाणी देते, घरी कोणकोण आहे ते विचारते. दहा मिनिटांत डोळे भरून येतात आणि पोट दुखायचे थांबते. घरच्या आठवणीला औषधाची गरज नसते, कोणीतरी ऐकून घेण्याची असते. अंथरूण ओले करणाऱ्या मुलाचेही तसेच. इतर मुले उठण्यापूर्वी त्याची चादर बदलून टाकावी आणि त्याविषयी पुन्हा अक्षर काढू नये. मुलाची लाज राखणे हीदेखील शुश्रूषाच होय.

मात्र पहाटेच्या पोटदुखीला मी कधीही घरची आठवण समजत नाही. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते. तो दंश पुष्कळदा दुखतही नाही, सूज येत नाही, दाताची खूण शोधून सापडत नाही. पहाटे मूल पोटात दुखते म्हणून उठते आणि थोड्या वेळाने त्याच्या पापण्या जड होऊन मिटू लागतात. अशा मुलाला गोळी देऊन पुन्हा निजवणे म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणे होय. त्याला ताबडतोब प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात हलवलेच पाहिजे. सर्पदंश कोणताही असो, करकचून बांधू नये, चिरा देऊ नये, तोंडाने रक्त ओढू नये, मांत्रिकाकडे वेळ दवडू नये. दंश झालेला अवयव हलू न देता, धीर देत, रुग्णाला वाहनाने न्यावे.

विंचवाचेही तसेच आहे. कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी अनेक मुले दगावत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ग्रामीण भागात राहून या दंशाचा चिकाटीने अभ्यास केला आणि प्राझोसिन या औषधाचा उपयोग सिद्ध केला. त्यांना २०२२ साली पद्मश्री देऊन गौरवण्यात आले. दंशानंतर मुलाला दरदरून घाम सुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले, तर वेदना कमी आहेत म्हणून थांबू नये. उलट त्वरा करावी.

आता एक अनुभव सांगते. त्यात माझीही चूक आहे, म्हणून तो सांगणे मला आवश्यक वाटते.

एका शिबिरात सातवीतील एक मुलगी पहाटेच्या चढणीवर मागे पडू लागली. थंडी बोचरी होती. मी पोचले तेव्हा ती दगडावर पुढे वाकून बसली होती, छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता आणि एक वाक्यही तिला सलग बोलता येत नव्हते. तिच्या आरोग्यपत्रकावर 'कोणताही आजार नाही' असे लिहिलेले होते. माझ्या पेटीत डॉक्टरांच्या लेखी सूचनेसह दम्याचा फवारा होता. प्लास्टिकच्या बाटलीच्या बुडाला भोक पाडून मी त्यात फवारा बसवला आणि बाटलीच्या तोंडाने तिला श्वास घ्यायला लावले. थोडा आराम पडताच आम्ही तिला खाली आणून ग्रामीण रुग्णालयात नेले. दुपारपर्यंत ती सावरली. मग हळूच म्हणाली, "बाई, माझा फवारा घरीच आहे. आई म्हणाली, सांगितलंस तर नेणार नाहीत."

त्या आईला दोष देणे सोपे आहे. परंतु शिबिराच्या परिपत्रकात 'आजारी मुलांना प्रवेश मिळणार नाही' असे छापलेले होते. आपणच खरे बोलण्याची शिक्षा ठरवून ठेवली होती. आणि मी पत्रके गोळा केली, पण एकाही मुलाला जवळ बोलावून विचारले नव्हते. तेव्हापासून मी दोन गोष्टी पाळते. पत्रकावर असे छापून घेते की, 'आजाराची माहिती प्रवेश नाकारण्यासाठी नसून तयारी करण्यासाठी आहे.' आणि पहिल्याच सायंकाळी प्रत्येक मुलाशी एकटीने बोलते. फवारा, फिट्सच्या गोळ्या, कशाची ॲलर्जी, सारे बाहेर येते. मुलांना विश्वास वाटला की ती लपवीत नाहीत.

दमा असलेले मूल फवारा खिशात ठेवून डोंगर चढू शकते. नंदुरबार, गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत सिकलसेलची मुले आहेत. त्यांच्याविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, त्यांना भरपूर पाणी द्यावे, थंडीपासून जपावे, दमवू नये, आणि सोपी वाट त्यांच्यासाठी राखावी. मुलाला वगळण्यापेक्षा कार्यक्रमात बदल करणे केव्हाही श्रेयस्कर.

शेवटी आपणा सर्वांना काही विनंत्या आहेत.

शिक्षकांनी निघण्यापूर्वी पालकांची बैठक घ्यावी. प्रत्येक औषधावर मुलाचे नाव, मात्रा व वेळ लिहून घ्यावी. दिलेल्या प्रत्येक गोळीची वहीत नोंद व्हावी. बूट झटकूनच घालावेत, रात्री विजेरीशिवाय बाहेर जाऊ नये, जमिनीवर न झोपता खाटेवर, मच्छरदाणी नीट खोचून झोपावे, ही शिस्त पहिल्या दिवशीच लावावी.

पंचायत सदस्यांनी आपल्या हद्दीत शिबिर येताच वाहनाची सोय कोठे होईल, मोबाइलला कोठे संदेशवहन मिळते, आग्या मोहोळ कोणत्या कड्यावर आहे, हे स्वतः जाऊन सांगावे. गावच्या गुराख्याला जे ठाऊक असते ते शहरातून आलेल्या मार्गदर्शकाला ठाऊक नसते.

अधिकारी वर्गाने परवानगीपत्रावर सही करण्यापूर्वी एवढेच विचारावे की, जवळच्या कोणत्या रुग्णालयात प्रतिसर्पविष आज शिल्लक आहे आणि तेथे पोचण्यास किती वेळ लागतो? महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. परंतु ती तंबूपर्यंत येऊ शकेल असा रस्ता आहे काय, हे आधी पाहिले पाहिजे.

ती मुलगी पुढच्या वर्षी पुन्हा शिबिराला आली. आल्याबरोबर तिने खिशातला फवारा काढून मला दाखवला आणि आपल्या मैत्रिणींबरोबर चालू लागली. तेवढे समाधान मला पुरेसे आहे.