सही करण्यापूर्वी



भाषण करण्याची मला सवय नाही; पण आमच्यावर आलेला प्रसंग आपल्या कानी घालावा म्हणून उभी राहिले आहे.

२०११ साली कामावर असताना यजमानांच्या उजव्या हाताची दोन बोटे प्रेस मशीनमध्ये गेली. तिसऱ्या दिवशी मुकादम घरी आले. चार हजार रुपये हातावर ठेवले आणि ‘आता काही मागणे नाही’ अशा कागदावर सही घेतली. वर चहाही मीच करून दिला!

पुढे कळले की, १९२३ च्या कायद्याप्रमाणे हक्क सोडल्याचा असा कागद रद्दच ठरे. दोन बोटे गेली तर कमाईची शक्ती २० टक्के गेली असे धरून भरपाई मिळे. पण अर्ज दोन वर्षांत करायचा. आम्हांला जाग आली चौथ्या वर्षी. उशिराचे सबळ कारण दाखवता येते, हेही कोणी सांगितले नाही.

आता त्या कायद्याच्या जागी २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता आली. ती नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. मुदत दोन वर्षांचीच आहे. कामामुळे जडणारे ठरावीक आजारही तीत धरले आहेत. पगारातून ई. एस. आय. कापत असतील, तर मागणी तिकडे करावी.

तेव्हा अपघात झाला की मालकाला लेखी कळवा, पोच घ्या, दवाखान्याचे कागद आणि पगाराच्या चिठ्ठ्या जपून ठेवा. घाईने सही करू नका.

यजमानांच्या सदऱ्याची बटणे आजही मीच लावते.