म्यूऑनला वय नसते

मूलकणांविषयी सर्वसामान्य जिज्ञासूंना पडणारे प्रश्न बहुधा कणांचा आकार, त्यांची संख्या आणि त्यांचे घटक यांभोवती फिरतात. इलेक्ट्रॉन केवढा असतो, क्वार्क कशाचे बनलेले असतात, हिग्ज कण कोणी पाहिला, असे प्रश्न या व्याख्यानापूर्वी श्रोत्यांकडून आलेल्या चिठ्ठ्यांतही आहेत. क्वार्क आणि लेप्टॉन यांचा तक्ता पाठ्यपुस्तकांमुळे बहुतेकांच्या परिचयाचा असल्याने तो येथे पुन्हा मांडण्याचे कारण नाही. प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन असे आहे की, कणांच्या वर्तनाचे मर्म त्यांच्या आकारात नसून एखादा एकटा कण नेमका केव्हा नष्ट होतो या प्रश्नात आहे, आणि हा प्रश्न ज्याला सर्वांत सरळपणे विचारता येतो तो कण म्हणजे म्यूऑन होय.

म्यूऑन हा इलेक्ट्रॉनचाच भाऊबंद. विद्युतभार तेवढाच, वस्तुमान मात्र सुमारे २०७ पट. अँडरसन आणि नेडरमायर यांना तो १९३६ मध्ये विश्वकिरणांत आढळला, आणि पदार्थाच्या घडणीत त्याचे कोणतेच काम दिसत नसल्याने, हा कण मागवला कोणी, असा प्रश्न भौतिकशास्त्रज्ञ रॅबी यांनी केल्याचे सांगितले जाते. अवकाशातून येणारे प्रोटॉन वातावरणाच्या वरच्या थरांतील अणुकेंद्रांवर आदळले की पायॉन नावाचे अल्पजीवी कण निर्माण होतात आणि त्यांच्या क्षयातून म्यूऑन जन्मतात. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरवर मिनिटाला साधारण एक म्यूऑन पडतो, म्हणजे या सभागृहात पसरलेल्या प्रत्येक तळहातातून एखाददुसऱ्या सेकंदाला एक म्यूऑन आरपार जात आहे. (या वाक्यानंतर सभागृहात अनेकांनी हात पुढे करून पाहिले.)

म्यूऑनचे सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या जेमतेम सव्वादोन पट असते, आणि त्यानंतर त्याच्या जागी एक इलेक्ट्रॉन व दोन न्यूट्रिनो उरतात. हे तिन्ही कण म्यूऑनच्या पोटात आधीपासून दडलेले होते, असा समज फार रूढ आहे आणि तो मुळातच चुकीचा आहे. म्यूऑनला अंतर्गत रचना असल्याचा कोणताही पुरावा नाही, आणि ते तीन कण त्या क्षणीच निर्माण होतात. यापुढची गोष्ट मात्र अधिक खोल आहे. पुष्कळ म्यूऑन एकत्र घेतले तर २.२ मायक्रोसेकंदांनंतर त्यांतले सुमारे ३७ टक्के शिल्लक राहतात, परंतु या उरलेल्यांना तेवढाच काळ पुन्हा दिला तर त्यांच्यातलेही ३७ टक्केच उरतात, आणि हे प्रमाण पुढेही बदलत नाही. विमा कंपनी विशीतल्या तरुणाकडून आणि नव्वदीच्या आजोबांकडून सारखा हप्ता कधीच घेणार नाही. म्यूऑनांचा विमा उतरवायचा झाला तर मात्र हप्ता जन्मभर एकच ठेवावा लागेल. (हशा.) दहा मायक्रोसेकंद टिकलेला म्यूऑन आणि नुकताच जन्मलेला म्यूऑन यांची पुढची अपेक्षा तंतोतंत सारखी असते, कारण म्यूऑन झिजत नाही, थकत नाही, त्याला वयच नसते.

या विधानावर नेहमी घेतला जाणारा आक्षेप आताही पुढच्या रांगेतून आला आहे: प्रत्येक म्यूऑनला जन्मतःच वेगवेगळी मुदत नेमून दिलेली असेल आणि ती केवळ वाचता येत नसेल, तर याला निसर्गातील यदृच्छा म्हणायचे की माणसाचे अज्ञान? आक्षेप हलका नाही. पुंजसिद्धांतानुसार एकाच जातीचे दोन कण सर्वस्वी अभिन्न असतात, आणि अणूंतील इलेक्ट्रॉनांची थरांत झालेली मांडणी, अर्थात सारे रसायनशास्त्र, या अभिन्नतेवर उभे आहे. प्रत्येक कणावर एकेक गुप्त खूण असती तर ही अभिन्नता कशी टिकली असती, याचे उत्तर आक्षेपकाला द्यावे लागते. शिवाय बेल यांनी १९६४ मध्ये मांडलेल्या कसोटीवर झालेल्या प्रयोगांनी, ज्यांसाठी २०२२ चे नोबेल पारितोषिक दिले गेले, कणांसोबत स्थानिक स्वरूपाची गुप्त माहिती वाहिली जाते ही कल्पना अग्राह्य ठरवली आहे. ते प्रयोग प्रकाशकणांवरचे होते, म्यूऑनवरचे नव्हेत, हे खरे. तरीही यदृच्छा निसर्गाच्या मुळाशी आहे, ज्ञानातील उणिवेत नाही, हे मत येथे पूर्ण जबाबदारीने मांडले जात आहे.

वय नसलेला हा कण घड्याळाचे काम मात्र चोख करतो, आणि ते प्रथम ओळखणाऱ्यांत होमी भाभा होते. असा कण वेगाने जात असेल तर सापेक्षतेनुसार त्याचा क्षय लांबणीवर पडेल, असे त्यांनी १९३८ मध्येच दाखवून दिले होते. प्रकाशाच्या वेगाने २.२ मायक्रोसेकंदांत सुमारे ६६० मीटरच अंतर कापले जाते, आणि म्यूऑन तर साधारण १५ किलोमीटर उंचीवर जन्मतात. ते जमिनीपर्यंत पोहोचतात याचे कारण हा लांबलेला काळ होय. रॉसी आणि हॉल यांनी १९४१ मध्ये कोलोरॅडोतील डोंगरावर आणि पायथ्याकडील डेन्व्हरमध्ये मोजमापे करून त्याचा पडताळा दिला.

भाभांनी स्थापन केलेल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा उल्लेख आला की कोलारच्या सोन्याच्या खाणी टाळता येत नाहीत. म्यूऑन खडकात किती खोल जातात हे पाहण्यासाठी श्रीकंतन आणि त्यांचे सहकारी १९५० च्या दशकात तेथे उपकरणे उतरवू लागले. पुढे अधिकाधिक खोल जाता जाता सर्वांत खालच्या पातळीवर सुमारे दोन महिने उपकरण चालूनही एकही म्यूऑन नोंदला गेला नाही. एखाद्याने हा प्रयोग फसला असे म्हटले असते. संशोधकांनी मात्र ओळखले की, आकाशातील म्यूऑन पोहोचत नाहीत अशी नीरव जागा आपल्याला सापडली आहे, आणि तेथे, खडकातून जवळजवळ निर्वेध जाणाऱ्या न्यूट्रिनोने सभोवतालच्या खडकात निर्माण केलेला म्यूऑन एकटा उठून दिसेल. मग जमिनीखाली सुमारे २.३ किलोमीटरवर, कण गेला की चमकणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांच्या भिंती समोरासमोर उभ्या करण्यात आल्या आणि त्यांच्यामध्ये निऑनच्या नळ्यांच्या रांगा बसवण्यात आल्या. भिंती उभ्या असण्याचे कारण असे की, वरून चुकून येणारा म्यूऑन खडा उतरतो, तर न्यूट्रिनोपासून झालेला म्यूऑन आडवाही येऊ शकतो. पेटलेल्या नळ्यांच्या रेषेवरून त्याची वाट वाचता येते. मुंबई, ओसाका आणि डरॅम येथील संशोधकांच्या या चमूने १९६५ मध्ये वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंची नोंद प्रसिद्ध केली, आणि त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतील खाणीत राइनेस यांच्या गटालाही हेच यश मिळाले. या कामाची ओळख भारतीय शाळांत होऊ नये, हे दुःखद आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली असून दहाच मिनिटे उरली आहेत, त्यामुळे उरलेल्या प्रश्नांची उत्तरे त्रोटकच द्यावी लागतील. मीटरच्या एक अब्जांशाच्या एक अब्जांशापर्यंत तपासूनही इलेक्ट्रॉनला आकार सापडलेला नाही. हिग्ज कण २०१२ मध्ये सापडला, पण तोही दिसला तो त्याच्या क्षयातून निघालेल्या कणांवरूनच, म्हणजे पुन्हा क्षयाच्याच वाटेने. कण की तरंग, या प्रश्नाला वेगळे व्याख्यान हवे.

शेवटचा प्रश्न एका प्राध्यापकांचा आहे: महाविद्यालयात यातले काय करता येईल? म्यूऑनचे आयुष्य मोजता येईल. चमकणाऱ्या प्लास्टिकचा एक जाड ठोकळा, प्रकाशाची क्षीण चमक टिपणारी एक नळी आणि जलद घड्याळाचे मंडल एवढे त्यास पुरते. ठोकळ्यात म्यूऑन थांबला की पहिली चमक होते, त्याचा क्षय झाला की दुसरी, आणि या दोहोंमधील काळ नोंदवत गेले की काही हजार जोड्यांवरून क्षयाचा वक्र उमटतो. त्यावरून निघणारे सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंदांपेक्षा किंचित कमी भरते; थांबलेल्यांपैकी ऋणभारित म्यूऑनांना ठोकळ्यातील कार्बनची अणुकेंद्रे अधूनमधून गिळतात, म्हणून तो फरक चूक समजून विद्यार्थ्यांनी खोडू नये.