भंगारात काय काय जातं?

आमच्या केंद्रातला संगणक २०१२चा. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा थांबला आणि विंडोज ११ या यंत्रावर बसेना. दुरुस्तीवाला म्हणाला, “ताई, भंगारात द्या.” यंत्र देऊ हो, पण आत बायकांच्या तक्रारींच्या नोंदी आहेत!

म्हणून आम्ही लुबुंटू हे हलकं लिनक्स घेतलं. फुकट मिळतं. पेनड्राइव्हवरून आधी चालवून पाहिलं. ४ जीबी मेमरी पुरली. नोंदींची प्रत काढली, मगच बसवलं, कारण बसवताना जुनं सगळं पुसलं गेलं. तेव्हाच संपूर्ण डिस्कला कुलूप घालण्याचा पर्याय निवडला. परवलीचा शब्द आम्हां दोघींनाच ठाऊक. तो विसरलो तर नोंदीही गेल्या, म्हणून एका पाकिटात बंद करून ठेवलाय.

सगळं सुरळीत झालं असं नाही. युनिकोडच्या आधीच्या फाँटमधले आमचे अहवाल उघडले तर नुसती गिचमिड! ते बदलणं अजून चालूच आहे. आणि प्रणाली हलकी असली तरी वेबसाइटी जडच राहतात, दहा उघडल्या की यंत्र धापा टाकतं.

जेवणानंतर पेनड्राइव्ह घेऊन मी इथेच बसणार आहे. कुणी जुना लॅपटॉप आणलाय का?