भाषा संगतीने वाढते

मानवी भाषा प्रथम कशी उत्पन्न झाली, याविषयी पुराव्यावाचून इतके तर्क लढविले गेले की, १८६६ साली पॅरिसच्या भाषाशास्त्रमंडळाने त्यावरील निबंध स्वीकारणेच बंद केले. परंतु एका भाषेचा जन्म विसाव्या शतकात प्रत्यक्ष पाहावयास मिळाला.

मध्य अमेरिकेतील निकाराग्वा देशात, १९७७ नंतर, मानाग्वा येथील शाळांत कर्णबधिर मुले प्रथमच मोठ्या संख्येने एकत्र आली. प्रत्येकाजवळ घरच्यापुरत्या थोड्या खुणा होत्या. शिक्षक ओठांवरून स्पॅनिश शिकवीत. मुले मात्र खेळताना परस्परांच्या खुणा उचलीत. त्यांतून खुणांची एक समाईक भाषा सिद्ध झाली, आणि मागाहून आलेल्या बालकांनी तिला व्याकरणाची शिस्त आणली.

वाचाशक्ती ईश्वरदत्त खरी; पण भाषेला संग लागतो आणि पुढची पिढी लागते. गोमंतकात १६८४ साली पोर्तुगीज शासनाने तीन वर्षांत कोंकणी सोडण्याचे फर्मान काढले. तरी घराघरांतील बोलण्याने ती टिकली. आज तसे फर्मान नाही. मुलांशी बोलण्यास सवड मात्र उरलेली नाही. म्हणून भक्तजनांनी मठाच्या उत्सवास मुलांना संगे आणावे व त्यांच्याशी आपल्या भाषेत बोलावे. हीही वाग्देवतेची सेवाच होय.