आधी संशय, मग विसर



1901 च्या नोव्हेंबरात जर्मनीतल्या फ्रांकफुर्टच्या मनोरुग्णालयात आउगुस्टे डेटर नावाची बाई दाखल झाली. वय 51. जेवताना डॉक्टरांनी विचारलं, काय खाताय? पानात डुकराचं मांस आणि फुलकोबी. बाई म्हणाल्या, पालक. आपलं नाव त्यांनी बरोबर सांगितलं, आडनाव विचारलं तर पुन्हा तेच नाव, आणि नवऱ्याचं विचारलं तर तेही बहुधा तेच! हे टिपून ठेवणारे डॉक्टर म्हणजे अलॉइस अल्झायमर.

पण या बाईंचं दुखणं विसरण्यानं सुरू झालं नव्हतं. आधी नवऱ्याचा संशय येऊ लागला. मग घरातल्या वस्तू इकडच्या तिकडे नेणं, लपवणं, कोणी आपल्याला मारायला टपलंय म्हणून ओरडणं. 1906 मध्ये त्या गेल्या, तेव्हा कुठे अल्झायमरना त्यांचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली बघता आला.

आज अल्झायमरच्या आजारात त्यासाठी माणूस जायची वाट पाहावी लागत नाही. एमआरआयमध्ये आठवणी साठवायला लागणारा हिप्पोकॅम्पस हा भाग आक्रसलेला दिसतो. पेट स्कॅनमध्ये मेंदूचा कोणता भाग साखर कमी वापरतोय ते कळतं. 2002 मध्ये स्वीडनमधल्या उप्साला इथे जिवंत रुग्णाच्या मेंदूतली अमायलॉइड प्रथिनाची पुटं अशा स्कॅनवर दिसली. गंमत अशी, की ही पुटं किती आहेत यावरून माणूस किती बिघडलाय ते नीटसं ठरत नाही. टाऊ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाचं गणित त्यापेक्षा बरं जुळतं.

आता वागण्याकडे येऊ, कारण घरचे मेटाकुटीला येतात ते त्यानंच. या आजारात सर्वांत जास्त दिसतं ते औदासीन्य. आयुष्यभर खटपट्या असलेला माणूस खुर्चीतून उठत नाही, पेपर उघडत नाही, नातू आला तरी मान वर करत नाही. घरचे म्हणतात, आळशी झाले, नाहीतर मुद्दाम करतात. अशा रुग्णांच्या स्कॅनमध्ये मेंदूच्या पुढच्या, आतल्या बाजूचा भाग मंदावलेला आढळतो. एखादी गोष्ट करायला घ्यावी ही उर्मी तिथूनच येते. मग आळशी म्हणून कोणाला बोल लावायचा?

संशयाचंही तसंच. आजी पाटल्या काढून तांदळाच्या डब्यात ठेवते, ठेवल्याचं विसरते, आणि पाटल्या सुनेनं घेतल्या म्हणून शेजारी सांगत सुटते. विसर आपल्यालाही पडतो. पण ‘छे, आपणच कुठेतरी ठेवल्या असतील’ असं आपण स्वतःला दटावतो. हे दटावणं मेंदूच्या पुढच्या भागाचं काम. ते थांबलं की संशय खराच वाटू लागतो. सुनेनं डबा उघडून पाटल्या दाखवल्या तरी उपयोग नाही; ‘तूच ठेवल्यास’ हे उत्तर तयार असतं. वाद घालू नये. ‘चला, दोघी मिळून शोधू’ एवढंच म्हणावं.

तरी स्कॅनचं अति कौतुक नको. हे संबंध बऱ्याच रुग्णांची चित्रं एकत्र पाहून काढलेले आहेत. एकट्या आजीचा एमआरआय बघून ती उद्या कोणाला चोर म्हणेल, हे कोणीही सांगू शकणार नाही. डॉक्टर एमआरआय किंवा सीटी सांगतात, त्यात आणखी एक हेतू असतो: डोक्यात रक्त साकळलंय का, गाठ किंवा पाणी झालंय का, म्हणजे ज्यावर इलाज होऊ शकतो असं काही सुटू नये. फिल्मच्या मोठ्या पाकिटात वागणूक सापडत नाही. ती घरच्यांनाच सांगावी लागते, आणि नेमकी तीच सांगायला आपण लाजतो.

तेव्हा डॉक्टरांकडे जाताना नुसतं ‘विसरतात’ म्हणू नका. संशय कधीपासून, रात्री झोप कशी, संध्याकाळी चिडचिड वाढते का, हे वहीत लिहून न्या. आणि चार दिवसांत वागणं एकदम पालटलं तर ते अल्झायमरच्या खाती टाकून बसू नका. लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, एखादं नवं औषध किंवा सांगता न येणारं दुखणंही त्यामागे असू शकतं. ते आधी तपासून घ्या.