ठिणगीचा गोंगाट आणि अंकांची भाषा

ज्येष्ठाच्या अखेरीस ठाण्याच्या नौपाड्यांत आभाळ भरून आलें, कीं जुन्या घरांतील मध्यमलहरींच्या रेडिओला त्याची वर्दी माणसांच्या आधीं लागते. वीज येऊरच्या डोंगरापलीकडे चमकते आणि इकडे गवयाच्या तानेवर कर्रकन् ओरखडा उठतो. मोटारसायकलची ठिणगी, मिक्सरच्या मोटरीचे ब्रश, नळीच्या दिव्याचा स्टार्टर, या साऱ्यांचें कुळ तेंच. मुंबईंत ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं विजेची गाडी धावली. पुढें ठाणें-कल्याणच्या रुळांकांठच्या वस्तीसही, तारेपासून पँटोग्राफ क्षणभर सुटला असतां उडणाऱ्या निळ्या ज्योतीचा शेजार लाभला.

यंत्रांतील गोंगाट दोन जातींचा. एक संथ, रिमझिमीसारखा सतत झरणारा. त्यापुढें संदेशाचा जोर थोडा वाढविला कीं भागतें. दुसरा आघाती. तो सेकंदाच्या लक्षांशाएवढाच टिकेल, पण तेवढ्या अवधींत संदेशाहून अनेक पटींनीं बलवान असतो, आणि मग पुन्हा शांतता. याच्यापुढें सरासरीचें गणित लंगडें पडतें.

जुन्या रेडिओवरील ओरखडा कान सोसून घेई. बुडालेलें अक्षर मन पुरें करी. अंकीय यंत्राला हें औदार्य नाहीं. तेथें सारा मजकूर एक आणि शून्य यांत मांडलेला. एकाचें शून्य झालें तर तें शून्यच. ठाणें व कल्याण-डोंबिवली येथील केबल दूरचित्रवाणी अंकीय करण्यास ३१ मार्च २०१३ ची मुदत होती. त्या बदलानंतर पडद्यावर पूर्वीसारखे पांढरे ठिपके येत नाहींत. चित्राचे चौकोन फुटतात, क्वचित् तें गोठूनच बसतें.

इलाज ग्राहकयंत्राच्या दारांतच सुरू होतो. एक उंबरठा ठरवून त्यावर उसळलेली लहर छाटावयाची, किंवा तेवढा क्षण कोराच ठेवावयाचा. युक्ति सोपी दिसते, पण उंबरठा फार खालीं ठेवला तर चोराबरोबर घरचा मनुष्यही अडतो. कारण शेंकडों वाहकलहरींवर एकदम संदेश धाडण्याच्या आजच्या पद्धतींत खुद्द संदेशाचीच शिखरें उंच असतात. उलट, आघात छाटल्यावांचून आंत घेतला तर त्याचा मळ त्या साऱ्याच लहरींवर पसरतो.

खरी गंमत पुढच्या उपायांत आहे. वेदपाठी ब्राह्मणांच्या क्रमपाठांत पहिलें-दुसरें, दुसरें-तिसरें अशीं पदें जोडीनें म्हणतात. एखादें निसटलें तर शेजारच्या जोडींत तें सांपडतें. पुनरुक्तीची हीच जाण गणिताच्या अंगानें १९५० सालीं हॅमिंग यांनीं आणि १९६० सालीं रीड व सॉलोमन यांनीं मांडली. केबलच्या यंत्रणेंत १८८ बाइटांच्या गटास १६ राखणदार बाइट जोडतात. त्यांच्या बळावर आठपर्यंत चुकलेले बाइट कोठेंही असले तरी सुधारतां येतात. परंतु आघात एकटादुकटा बाइट मारीत नाहीं, ओळच्या ओळ पुसतो. म्हणून पाठविण्यापूर्वीं बारा गटांचे बाइट एकमेकांत पेरून टाकतात. मार्गांत लागोपाठ ९६ बाइट बिघडले, तरी पलीकडे पुन्हा गोळा करतांना प्रत्येक गटाच्या वांट्यास आठच येतात, आणि आठांचा निकाल लावणें ठरलेलेंच आहे. काळानें मोजल्यास हें कवच सेकंदाच्या सुमारें पन्नास-हजाराव्या भागापुरतें. त्याहून लांब ठिणगी आली कीं चौकोन फुटलेच.

मग पेरणी अधिक खोल कां करूं नये? करतां येते; मात्र विखुरलेलें सारें गोळा होईपर्यंत थांबावें लागतें. चित्रपट पाहणाऱ्याला अर्ध्या सेकंदाचा उशीर कळणारही नाहीं. पण रात्रीं डॉक्टरांना बोलावणाऱ्या मुलीला, आपलें बोलणें पलीकडे पोंचलें कीं नाहीं, हें कळण्यास तेवढा विलंब लागला तर दोघेंही एकमेकांच्या बोलण्यावर बोलूं लागतात. म्हणून बोलण्याच्या वाटेवर पेरणी उथळच ठेवतात आणि थोडी चूक पदरांत घेतात.

राहिला मुळावरचा घाव. स्टार्टरच्या डबींतला चिमुकला कंडेन्सर आणि मोटारीच्या ठिणगी-प्लगांतला रोध तेंच काम बिनबोभाट करीत असतात.